अकरा महिने, दोन वकील आणि १८४० रुपयांची झेरॉक्स

गेल्या आठवड्यात वकिलांच्या कारकुनाने फोन करून झेरॉक्सचे १८४० रुपये मागितले तेव्हाच ठरवलं, आता लिहायचंच. मिक्सर घेतला तरी लोक पानभर लिहितात, वकिलाबद्दल मात्र कोण लिहीत नाही, कारण गरज पडते तेव्हा माणूस लिहायच्या अवस्थेत नसतो आणि सुटला की कोर्टाचं नाव काढत नाही. आमची केस चालू आहे, त्यामुळे नावं कुणाचीच नाहीत, ना आमची ना त्यांची.

झालं असं. मार्च २०२५, सांगली जिल्हा, बांधावरून भांडण, मेव्हण्याने खोऱ्याचा दांडा उचलला, समोरच्याचा हात मोडला. हाड मोडलं की गंभीर दुखापत, ते मान्य. पण नव्या भारतीय न्याय संहितेचं नुसतं कलम ११७(२) लागलं असतं तर जामीनपात्र होतं, रात्रीत घरी आला असता. पोलिसांनी दांडा घातक हत्यार धरला आणि ११८(२) लावलं, म्हणजे जुन्या आयपीसीचं ३२६, अजामीनपात्र, विषय संपला. खोऱ्याच्या दांड्याची किंमत बाजारात दीडशे रुपये, आमचा खर्च आजपर्यंत १ लाख १२ हजार ३०० झालाय. डायरीत सगळं आहे.

पहिला वकील आम्ही निवडलाच नाही, तो आम्हाला मिळाला. रात्री साडेदहाला पोलीस ठाण्यासमोरच्या चहाच्या गाड्यावर सासरे डोकं धरून बसलेले, बायको फोनवर रडतेय, आणि शेजारचा एक जण म्हणाला आपल्या ओळखीचे आहेत एक, बोलवू का. वीस मिनिटांत वकील हजर. एवढ्या वेळात आमच्या गावात रिक्षा येत नाही. २५ हजार आत्ता द्या, उद्या दुपारी पोरगं बाहेर, गॅरंटी. मी दहा रुपयाची कोथिंबीर घेताना घासाघीस करणारा माणूस, पण त्या रात्री पाच मिनिटांत गूगल पे केलं. पावती मागितली तर म्हणाले पाहुणे, विश्वास नाही का.

तेव्हाच उठायला पाहिजे होतं. निकालाची गॅरंटी कुठला वकील देऊ शकत नाही, आणि निकालावर फी ठरवायला तर बार कौन्सिलच्या नियमात सरळ मनाई आहे, हे मला चार महिन्यांनी कळलं. त्या रात्री गॅरंटी हा शब्द इतका गोड लागला की बस.

दुसऱ्या दिवशी काय झालं तर तीन दिवस पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी. आमचे गॅरंटीवाले साहेब उभे राहिले, काहीतरी पुटपुटले, बसले. नंतर एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, मग मॅजिस्ट्रेटकडे जामिनाचा अर्ज, आयओचा से, म्हणजे तपास अधिकाऱ्याचं म्हणणं, यायला दोन दिवस, अर्ज नामंजूर. आणि मग साहेब म्हणतात सेशन्सचं वेगळं, १५ हजार. म्हटलं २५ मध्ये काय काय होतं? म्हणाले ते आपलं सुरुवातीचं.

आता इथे माझ्या मूर्खपणाचा एक परिच्छेद. पहिल्या रिमांडला कोर्टातच लोक अभिरक्षक कार्यालयाचे एक वकील आम्हाला स्वतःहून भेटले होते. साधा माणूस, जुनी बॅग, म्हणाले तुम्ही वकील लावला नसेल तर आम्ही बघतो, अटकेतल्या माणसाला फुकट असतं, उत्पन्नाची अट नाही. मी म्हटलं नको, आम्ही प्रायव्हेट लावलाय. असं छाती काढून सांगितलं जसं काय पोराला इंग्लिश मीडियमला घातलंय. फुकट मिळत असताना मी नको म्हणालो ही आयुष्यातली पहिली वेळ असावी. पुढे तारखांना जाऊन बसायला लागलो तेव्हा त्याच माणसाला दुसऱ्या एका पोराच्या जामिनावर बोलताना ऐकलं, मुद्द्याला धरून, आवाज न चढवता, सात-आठ मिनिटं. झाला त्या पोराचा जामीन. ज्याच्याकडे खरंच पैसे नाहीत त्याने चहाच्या गाड्यावर वकील शोधू नये, १५१०० ला फोन करावा नाहीतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जावं, कोर्टाच्या आवारातच असतं. सगळेच तसे निघतील असं म्हणत नाही, पण सगळे प्रायव्हेट तरी कुठे निघतात.

वकील बदलणं हा वेगळा ताप. नव्या वकिलांना वकीलपत्रावर जुन्याची नाहरकत पाहिजे, आणि जुने साहेब म्हणाले आधी १० हजार बाकी द्या, मग सही आणि कागद. कसली बाकी? मी दोन दिवस त्यांच्या ऑफिसच्या जिन्यात बसून काढले. शेवटी नव्या वकिलांच्या ज्युनिअर मॅडमनी त्यांना फोन केला आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय, तुम्हाला माहीतच असेल सर. संध्याकाळी पिशवीत घालून सगळे कागद मिळाले. पिशवी पण आमचीच होती.

आणि हो, तुम्ही म्हणाल ग्राहक मंचात का नाही गेलास. मी विचारलं होतं. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. मिक्सर जळला तर मंच, वकील जळला तर बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार, आणि तीही नुसत्या खराब कामासाठी चालेलच असं नाही.

दुसरे वकील मोठे. भिंतीला पुस्तकं, बाहेर बारा चपला, आत एसी. ६० हजार, अर्धे आधी आणि राहिलेले दोन हप्त्यांत, सेशन्सचा जामीन धरून, ट्रायलचं नंतर बोलू. या वेळी मी शहाणा झालेलो, विचारलं की उभं कोण राहणार, तुम्ही का ज्युनिअर? साहेब हसले, म्हणाले मीच. आणि जामिनाला खरंच राहिले, ते कबूल करायला पाहिजे. दांडा हे शेतातलं अवजार, घरून आणलेलं हत्यार नाही, आधीचा गुन्हा नाही, दांडा जप्त झालाय, आता आत ठेवून काय तपास राहिलाय, एवढंच बोलले. सरकारी वकिलांनी विरोध केला, साक्षीदारांवर दबाव आणेल वगैरे. एकविसाव्या दिवशी जामीन मंजूर, २५ हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याचाच एक जामीनदार, चार्जशीट येईपर्यंत दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरी.

ऑर्डर झाली शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला. जामीनदार म्हणून चुलत सासरे तयार, पण सातबारा सहा महिने जुना, ऐपतीचा दाखला नाही, पुढे चौथा शनिवार आणि रविवार. म्हणजे जामीन झालेला माणूस आणखी तीन रात्री आत. हे वकिलाने आधी सांगायला नको का, की अर्ज टाकतोय तर जामीनदाराचे कागद आत्ताच काढून ठेवा? सोमवारी मेव्हणा बाहेर आला, पहिलं वाक्य, दाजी घरी भात आहे का.

त्यानंतर मोठे साहेब मला अकरा महिन्यांत दोनदा दिसले. एकदा लग्नात. फोन उचलत नाहीत, उचलला तर कारकून, कारकून म्हणतो साहेब कोर्टात, कोर्टात जावं तर साहेब कोल्हापूरला. ऑगस्ट २०२५ पासून तिथे हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय ना, आमच्यासारख्यांना मुंबई वाचली हे खरं, पण आमचे साहेब मात्र कोल्हापूरकर होऊन बसले. ऑक्टोबरात कारकुनाने तारीख १४ सांगितली, मी सहज ईकोर्ट्स ॲपवर केसचा सोळा अंकी सीएनआर नंबर टाकला तर तारीख १०. म्हणजे दुसऱ्या दिवशी! मेव्हण्याला कामावरून अर्ध्या रात्री बोलावला, नाही तर आरोपी गैरहजर म्हणून वॉरंट निघालं असतं. ते ॲप फुकट आहे, आणि अख्ख्या प्रकरणात सगळ्यात चांगली सेवा मला त्यानेच दिली.

आता झेरॉक्स. चार्जशीट १८४ पानांचं. कारकुनाने पाच सेट काढले, २ रुपये पान, झाले १८४०. माझा पहिला प्रश्न, आरोपी एक, वकील एक, पाच सेट कशाला? दुसरा, आमच्या कॉलेज कॉर्नरला ८० पैशाला पान मिळतं, जास्त असेल तर ७० ला करून देतो. तिसरा आणि खरा प्रश्न असा की चार्जशीटची प्रत आरोपीला फुकट द्यायची असते, नव्या बीएनएसएसच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० मध्ये लिहिलंय, कोर्टात हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत. आणि आम्हाला कोर्टाकडून एक प्रत मिळाली पण होती! म्हणजे फुकट मिळालेल्या कागदाची पाच वेळा झेरॉक्स. बायको म्हणते लाखभर गेले त्याचं काही नाही आणि अठराशेवर अडलाय. अगं, लाख गेले ते डोळ्यांसमोर गेले, हे माझ्या मागे गेले. पावती मागितली तर कारकून म्हणतो झेरॉक्सची कोण पावती देतं. ८० पैसेवाला देतो, शिक्का मारून. या दुसऱ्या वकिलांना दोन स्टार.

हे वरचं सगळं रविवारी लिहून ठेवलेलं. टाकणार होतो, पण बुधवारी तारीख होती म्हणून म्हटलं ती झाल्यावर टाकू. बरं झालं.

बुधवारी साहेब नव्हतेच, ज्युनिअर मॅडम होत्या. आमचा नंबर बोर्डावर ३८ वा, म्हणून बाहेर बाकड्यावर बसलो. मी मुद्दामच विषय काढला, मॅडम, पाच सेटचं काय? त्यांनी पिशवीतून एक सेट काढला. पिवळा, गुलाबी, हिरवा, पेनाने समासात बारीक अक्षरात प्रश्न, बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठ्या, पानांचे कोपरे मऊ पडलेले. माझ्या पोरीचं दहावीचं पुस्तक पण एवढं वाचलेलं नव्हतं. म्हणाल्या, एक माझा, एक सरांचा, एक तुमचा, तुम्ही न्यायला आलाच नाहीत. मग त्यांनी ४१ वं पान काढलं. दवाखान्याचा कागद, कोर्टाकडून आलेल्या प्रतीत इतका फिका की नुसता राखाडी डाग, झेरॉक्सची झेरॉक्स. मॅडमनी कोर्टातला मूळ कागद बघितला होता आणि त्या पानाची नक्कल अर्ज करून काढली होती. त्यात डॉक्टरच्या अक्षरात एक ओळ आहे. काय आहे ते इथे लिहिणार नाही, मॅडमनी दम दिलाय, उलटतपासाच्या आधी तोंडातून निघालं तर बघा म्हणाल्या. ती ओळ मी तीनदा वाचली. मग पाणी प्यायलो.

मी त्यांना हेही विचारलं की नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला कळेल अशा भाषेत द्यायची असं सांगितलंय, आमच्या मेव्हण्याला तर तोंडीच सांगितलं होतं, त्याचं काही? म्हणाल्या तो निकाल पुढच्या अटकांसाठी, तुमची मार्चमधली, त्यात वेळ घालवू नका, आपण ४१ वर लक्ष देऊ. मला आवडलं. पहिल्या साहेबांनी यावर अजून पाच हजार काढले असते.

त्यामुळे दोनाचे साडेतीन करतोय. साहेबांचे दीड, मॅडमचे दोन. पुन्हा अशी वेळ आली, कुणाच्याही घरी न येवो, तर मी मोठ्या साहेबांच्या पुस्तकांकडे बघणार नाही, त्यांच्याकडे ज्युनिअर कोण आहे, कागद कोण वाचतं आणि फोन कोण उचलतं हे कोर्टातल्या बाकड्यावर बसलेल्या दुसऱ्या पक्षकारांना विचारीन. ते खरं सांगतात, त्यांना तिथे दुसरं काम नसतं.

१८४० दिले नाहीत अजून. तीन सेटचे ११०४ देणार, तेही पावती दिली तर. राहिलेले दोन सेट कुठे आहेत ते कारकुनाने दाखवावेत. नकलेचे किती झाले ते मॅडमना विचारलं तर राहू द्या म्हणाल्या, मी मागेच लागलो तेव्हा सांगितलं, स्टॅम्प धरून ४६ रुपये, त्यांनी स्वतःच्या पर्समधून भरलेले, कुठल्या बिलात नाहीत. डायरीत लिहिलंय, मॅडमचे ४६ देणे, पुढची तारीख २०.