मेणवलीच्या घाटावर एक दिवसाची लँडस्केप कार्यशाळा

चार वर्षं जलरंग करतेय, पण सगळं घरी, मोबाईलमधला फोटो समोर ठेवून. स्पॉटवर बसून केलेलं हे माझं पहिलंच लँडस्केप. पुण्यातल्या एका चित्रकार सरांची कार्यशाळा होती. फी 1800 रुपये, त्यात स्वारगेटहून जाणं-येणं, नाश्ता, जेवण आणि कागद. जानेवारीतला रविवार, आम्ही बारा जण.

जागेची निवड शंभर टक्के बरोबर. वाईपासून मेणवली तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेवरचा अर्धचंद्राकृती घाट, मेणेश्वराचं देऊळ आणि छोट्याशा दगडी मंदिरात टांगलेली ती पोर्तुगीज घंटा, 1739 च्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली. घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. नवशिक्याला हे घंटेचं देऊळ फार सोयीचं, कारण आकार सोपा आणि एक बाजू उन्हात, एक सावलीत.

सरांनी आल्या आल्या मोठा कागद काढूच दिला नाही. पोस्टकार्डाएवढे तीन तुकडे, प्रत्येकी पंधरा मिनिटं, डोळे किलकिले करून फक्त उजेड आणि सावली. "सावलीची कड आधी पेन्सिलीनं बांधून घ्या, ती थांबणार नाही," असं ते म्हणाले, आणि खरोखर तिसऱ्या पोस्टकार्डापर्यंत पायऱ्यांवरची सावली दोन पायऱ्या सरकली होती. फोटोवरून काम करताना हे कधी कळलंच नसतं. काळ्या रंगाची ट्यूब त्यांनी सगळ्यांची बाजूला ठेवायला लावली. अल्ट्रामरिन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून दगडाचा करडा कसा येतो, सिएना जास्त झाला की ऊन लागलेला दगड आणि निळा जास्त झाला की सावलीतला, हे त्यांनी माझ्याच पॅलेटवर करून दाखवलं. बोर्ड उन्हात धरला तर रंग जास्त उजळ भासतात, मग आपण गडद करत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं, हेही तिथंच कळलं.

मोठ्या कागदावर मी नदी सवयीनं निळी करायला घेतली. खालच्या पायरीवर कपडे धुणाऱ्या एक मावशी पिळा खांद्यावर टाकून वर आल्या, बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ओ ताई, पानी निळं कुठं हाय? झाडागत दिसतंय की." मान वर करून पाहिलं. समोरच्या काठाची सगळी झाडं पाण्यात उतरली होती, पायऱ्यांजवळ पाणी जवळजवळ काळं होतं, आणि आभाळाचा निळा मधोमध एका पट्टीपुरता. मी ओला स्पंज घेऊन निळा उचलला आणि नदी पुन्हा केली.

आता तक्रारी. दिलेला कागद फार पातळ होता. पहिल्याच वॉशला, म्हणजे पाणीदार रंगाच्या थराला, तो फुगला, खळग्यांत रंग साचला आणि आभाळाला डाग पडले. शेजारच्या मुलीनं स्वतःचा 300 जीएसएमचा जाड कागद आणला होता, तिचा तसाच सपाट राहिला. फीमध्ये कागद धरता तर चांगला द्या. दुसरं, बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय कुठं आहे हे आधी कोणी सांगितलं नाही. दिवसभर पाणी बेतानं प्यावं लागलं, हे बरं नाही. आणि सरांचं प्रात्यक्षिक जेवणानंतर ठेवायला हवं होतं. सकाळचा तिरपा उजेड असताना पाऊण तास आम्ही त्यांच्याच पाठीमागे उभे होतो.

जेवण साधं आणि चविष्ट, पिठलं-भाकरी, ठेचा.

शेवटी सगळी चित्रं पायऱ्यांवर मांडून सरांनी प्रत्येकाशी पाच-सात मिनिटं बोलणं केलं. उगाच कौतुक नाही, कुणाला तोडून बोलणं नाही. माझ्या पाण्याबद्दल त्यांनी चांगलं म्हटलं तेव्हा मी मावशींचं नाव पुढे केलं.

फेब्रुवारीच्या बॅचला नाव दिलंय. कागद घरचा नेणार, टोपी आणि पाण्याची फवारणीची बाटलीही, कारण अकरानंतर पॅलेटवरचे रंग भराभर सुकतात.