ब्यूटिफुल सूप: टॅगच्या पोटातला मजकूर काढताना

वेबपानांवरचे तक्ते उपसून त्यांच्या सीएसव्ही फाइल बनवायचं काम माझ्याकडे असतं. गेले काही महिने ते सगळं पायथॉनच्या ब्यूटिफुल सूप ४ वर चाललंय. शिकायला सोपी, मोडक्या एचटीएमएललाही सांभाळून घेणारी लायब्ररी. पण एकात एक टॅग (वेबपानाच्या एचटीएमएलमधल्या खुणा) आले की खरी परीक्षा सुरू होते. मजकूर ती देते, पण त्यातला कुठला तुकडा कुणाचा हे आपणच बघायचं.

एक नमुना बघा. तक्त्याच्या सेलमध्ये स्पॅन नावाच्या टॅगच्या आत १२ हा आकडा, आणि त्याला चिकटून सुपरस्क्रिप्टच्या टॅगमध्ये तळटीपेचा ३. इथे डॉट स्ट्रिंग (टॅगमधला एकुलता मजकूर) मागितलं तर हाती 'नन', म्हणजे काहीच नाही, असं येतं, कारण सेलला आता दोन मुलं, म्हणजे थेट आतले दोन टॅग आहेत. नुसता स्पॅन असता तर तेच डॉट स्ट्रिंग आत शिरून १२ घेऊन आलं असतं. म्हणजे शंभर ओळी नीट चालतात आणि तळटीप असलेल्या ओळीवर कोड आपटतो. हे तरी बरं, निदान कळतं. आतला सगळा मजकूर जोडून देणारं गेट टेक्स्ट वापरलं तर मुकाट्याने १२३ मिळतात! सेपरेटर (तुकड्यांच्या मध्ये घालायचं चिन्ह) म्हणून स्पेस द्यावी, तर पहिलं अक्षर बोल्ड केलेला शब्द मधोमध तुटतो. स्ट्रिप ट्रू एकटंच दिलं तर बोल्ड शब्द शेजारच्या शब्दांना चिकटतो, कारण प्रत्येक तुकड्याच्या कडेची स्पेस आधी छाटली जाते.

सगळीकडे चालेल असा सेपरेटर नाहीच. मी आधी नको ते टॅग डीकंपोज करून उडवतो आणि मगच मजकूर काढतो. डीकंपोज मूळ झाडच (पानातल्या टॅगांची रचना) बदलतं, म्हणून तळटीपा पुढे लागणार असतील तर कॉपीवर काम करावं.

तक्त्यात तक्ता असला की टॅग शोधणारं फाइंड ऑल आतल्या तक्त्याच्या ओळीही गोळा करतं. रिकर्सिव्ह फॉल्स दिलं की फक्त थेट मुलं मिळतात, पण इथे पार्सर (एचटीएमएल वाचून झाड बनवणारा भाग) आडवा येतो. एचटीएमएल५लिब हा पार्सर ब्राउझरसारखा टीबॉडी (ओळींना गुंडाळणारा टॅग) स्वतःहून घालतो, एलएक्सएमएल हा पार्सर घालत नाही. ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमधून उचललेला, टीबॉडीतून जाणारा सिलेक्टर (टॅगचा पत्ता) एलएक्सएमएलवर रिकामी यादी देतो, तो यामुळेच. पार्सरचं नाव कोडमध्ये लिहूनच टाका. नाहीतर मशीनवर जो असेल तो उचलला जातो आणि दुसऱ्या मशीनवर निकाल बदलू शकतो.

ब्यूटिफुल सूपच्या ४.९.० आवृत्तीपासून एलएक्सएमएल आणि पायथॉनच्या अंगभूत पार्सरवर स्क्रिप्ट-स्टाइलचा कचरा गेट टेक्स्टमध्ये सहसा येत नाही, ही मोठी सोय. वेगाचं म्हणाल तर हजारो पानं असतील तेव्हा मी ब्यूटिफुल सूप सोडून थेट एलएक्सएमएलच वापरतो. जावास्क्रिप्टने मागाहून भरलेला मजकूर मात्र इथे मिळणारच नाही. कोड लिहायला बसण्याआधी पानाचा कच्चा सोर्स उघडून हवा तो शब्द त्यात शोधा. तिथे नसेल, तर ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये जेसॉनची (डेटा पाठवायच्या साच्याची) रिक्वेस्ट सापडते का बघा.