श्रुतलेखन की नियम?

पुतण्या सातवीत. शुद्धलेखनासाठी रोज श्रुतलेखन घ्यावं की नियम शिकवावेत, यावर वहिनींचं काही ठरेना.

वेळ म्हणाल तर श्रुतलेखनाला रोज पंधरा मिनिटं. तपासणं मात्र आपल्याच गळ्यात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम एकूण 18, 1962चे 14 आणि 1972चे 4. सगळे पाठ करायला लावले, तर पोरगं मराठीचं नाव टाकेल.

टिकण्याचं बघा. श्रुतलेखनात 'फूल' बिनचूक लिहिणारा मुलगा निबंधात 'फूलाला' लिहितो. त्याला शब्दाचं चित्र पाठ असतं, रूप बदललं की गडबड. सुट्या शब्दात दीर्घ, प्रत्यय लागला की ऱ्हस्व, हा नियम कळलेला मुलगा फूल-फुलाला, वीट-विटेला, मूल-मुलाला एका दमात लावतो. पण त्याच जोरावर 'गुण', 'विष'चं 'गूण', 'वीष'ही लिहून मोकळा होतो! तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना हा नियम लागत नाही, आणि तत्सम कोणता हे वाचूनच कळतं. 'आशीर्वाद'मधला रफारसुद्धा लिहून-खोडूनच जागेवर बसतो.

सुटे शब्दच चुकत असतील, वाचन कमी असेल, तर श्रुतलेखन. वाचन बरं, पण प्रत्यय लागला की वेलांटी घसरते, त्याला नियम; तेही ऱ्हस्व-दीर्घाचे चार-पाचच. वहिनी, तुमच्या लेकाच्या निबंधाच्या वहीत 'विहीरीत', 'बहीणीला' दिसलं. त्याला नियमच द्या.