सिरॅमिक कोटिंग: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

सिरॅमिक कोटिंग (गाडीच्या रंगावर चढवायचा पातळ, पारदर्शक संरक्षक थर) करून घ्यावं का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: गाडी धुतं कोण? सोसायटीत पहाटे बादली-फडकं घेऊन येणारे काका धुणार असतील, तर ते पैसे चांगल्या टायरमध्ये घाला. स्वतः धुणार असाल, तर पुढचं वाचा.

माझी गाडी बलेनो, रंग नेक्सा ब्लू. गडद रंगाच्या गाडीवर संध्याकाळचं तिरकं ऊन पडलं की प्रत्येक फडक्याची सही दिसते, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे. गाडी ताब्यात घेतानाच सांगितलं होतं की धुऊन-पुसून देऊ नका, आहे तशी द्या. तरीही बॉनेटवर थोडे होतेच. यार्डातली धूळ कुणीतरी कोरडीच झटकली असणार. जानेवारीत पुण्यातल्याच एका डिटेलिंग स्टुडिओत कोटिंग करून घेतलं, बावीस हजार मोजून. स्टुडिओचं नाव लिहीत नाही, कारण कौतुक आणि तक्रार दोन्ही आहे.

कौतुक तयारीच्या कामाचं. आधी फोम, मग आयर्न रिमूव्हर (पत्र्यावर रुतलेले लोखंडाचे कण विरघळवणारं द्रव्य; जांभळे ओघळ येतात आणि वास सडक्या अंड्यांचा), मग क्ले (चिकटून बसलेली घाण उचलणारी मातीसारखी मऊ वडी), मग मशीनने पॉलिश, मग सॉल्व्हंटने पुसून तेलकटपणा काढणं, आणि शेवटी कोटिंग. बाटलीतलं द्रव्य अंगावर चढवायला सगळ्यात कमी वेळ लागतो. गाडी चकचकीत दिसते ती पॉलिशमुळे. कोटिंग त्या चकाकीला फक्त धरून ठेवतं. म्हणून भाव करताना बाटलीचा ब्रँड विचारू नका, पॉलिश किती टप्प्यांत करणार ते विचारा. आणि पेंटची जाडी मोजायचं यंत्र समोर लावायला सांगा. कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात आणि त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ४०-५० च्या आसपास. पॉलिश म्हणजे त्यातलंच थोडं घासून काढणं. दर वर्षी 'रिफ्रेश' म्हणून पॉलिश मारून देणाऱ्यांपासून सांभाळा. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे हे नेहमीचं यंत्र चालत नाही. तिथलाही आकडा कुणी छातीठोकपणे सांगितला तर काय ते समजून घ्या.

तक्रार '९एच'ची. 'नऊ एच कडक आहे साहेब, दगडानेही काही होणार नाही.' हा आकडा पेन्सिलींचा आहे. रंगवलेल्या पत्र्यावर वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली घासून बघतात, त्या चाचणीतली सर्वात कडक पेन्सिल ९एच. म्हणजे पेन्सिलीने ओरखडा उठला नाही, एवढंच. थर जेमतेम एखाद्या मायक्रॉनचा. बायपासवर डंपरमागून उडालेल्या खडीपुढे त्याचा काय टिकाव लागणार? नाकाडावर दोन टवके उडालेच. खडीसाठी पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म, लागतं. ते वेगळं प्रकरण आणि वेगळं बजेट.

आता उन्हाळा. एप्रिलमध्ये आमच्याकडे टँकर सुरू होतात आणि टँकरचं पाणी बोअरचं. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ. बोअरचं पाणी उन्हात वाळलं की मागे कॅल्शियमचे पांढरे ठिपके ठेवतं. कोटिंग असलेल्या गाडीवर हा त्रास कमी होत नाही, उठून दिसतो. पाण्याचे छान गोल मणी होतात, मणी जागीच वाळतो आणि तिथे कडा असलेला गोल ठिपका उमटतो. रील्समध्ये मणी दाखवतात, ठिपके दाखवत नाहीत. मी सकाळी सातच्या आत, सावलीत, एका वेळी एकच भाग धुतो आणि लगेच जाड मायक्रोफायबर टॉवेलने टिपतो. घासत नाही, नुसता पसरून उचलतो. ताजे ठिपके पाण्यात पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने जातात, लगेच साध्या पाण्याने धुऊन टाकायचं. जुने मात्र पॉलिशशिवाय जात नाहीत.

शेवटच्या पाण्यासाठी आमच्या घरी एसीच्या नळीखाली बादली असते. ते हवेतलंच पाणी, क्षार जवळजवळ नाहीत. बॉनेट आणि टपावरून फिरवायला अर्धी बादली पुरते आणि डाग पडत नाहीत. याच्या बरोबर उलट म्हणजे आरओचं वाया जाणारं पाणी. पाणीबचत म्हणून ते गाडीला वापरणारे पुष्कळ आहेत. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. फरशीला खुशाल वापरा, गाडीला नको.

गाडी पुसणाऱ्या काकांचा प्रश्न नाजूक होता. त्यांचं महिन्याचं उत्पन्न आपल्या हौसेपायी का तोडायचं? मी म्हटलं, "काका, पैसे चालूच राहतील. फक्त काचा आणि आतले मॅट करा, पत्र्याला फडकं लावू नका." ते म्हणाले, "मग पुसायचं काय साहेब? लोक म्हणतील गाडी केलीच नाही." आठवडाभर त्यांना हा हिशेब पटला नाही. एकाच बादलीत दहाव्या गाडीपर्यंत पाण्याचा रंग चहासारखा होतो आणि तळाची वाळू फडक्याबरोबर वर येते; त्यात त्यांचा दोष नाही, एवढ्या पैशांत तेवढंच पाणी मिळतं.

माझी पद्धत दोन बादल्यांची: एक शाम्पूची, एक मिट (धुवायचा मऊ हातमोजा) खळबळून घ्यायला, दोन्हींच्या तळाला जाळी. आधी प्रेशर वॉशरने धूळ उडवायची, फोम पाच मिनिटं मुरू द्यायचा, मग वरून खाली हात फिरवायचा. चाकांचा मिट वेगळा. शाम्पू न्यूट्रल पीएचचा. भांड्यांचा साबण नको. मायक्रोफायबर धुताना कम्फर्टसारखं सॉफ्टनर घालू नका, धाग्यांवर थर बसतो आणि टॉवेल पाणी ओढेनासा होतो. घरात हा नियम समजावणं मला गाडी धुण्यापेक्षा अवघड गेलं.

कोटिंगचे पैसे वसूल झाले ते पावसाळ्यात. जुलैत कोकणात जाऊन आलो. ताम्हिणीची वाट आणि पुढे लाल चिखल. परत आल्यावर नुसत्या पाण्याच्या माऱ्यानेच ऐंशी टक्के चिखल उतरला. मिट फिरवायचा तो जवळजवळ स्वच्छ पत्र्यावर, आणि ओरखडे वाचतात ते इथेच. अलॉयवरची ब्रेकची काळी भुकटीही सहज निघते. जांभळांच्या दिवसांत वटवाघळं जो प्रसाद टाकतात, त्याला मात्र कोटिंग फक्त काही तासांची मुदत मिळवून देतं. दुपारच्या उन्हात राहिला तर डाग उमटतोच. मी गाडीत पाण्याची फवारणी बाटली आणि एक जुना टॉवेल ठेवतो: भिजवायचं, मिनिटभर थांबायचं, उचलायचं.

पुढच्या काचेवर स्टुडिओने 'भेट म्हणून' ग्लास कोटिंग केलं होतं. पहिल्याच पावसात वायपर थडथडायला लागला. ब्लेड बदलून फरक पडला नाही. शेवटी काच पॉलिशने घासून ते काढून टाकलं. आरशांवर आणि बाजूच्या काचांवर तेच कोटिंग झकास चाललंय. फुकट मिळालं तरी पुढच्या काचेला नको म्हणा.

सप्टेंबरात पाण्याचे मणी दिसेनासे झाले, पाणी नुसतं पसरायला लागलं. स्टुडिओचं उत्तर: पेड मेंटेनन्सला या, नाहीतर पाच वर्षांची वॉरंटी जाईल. वॉरंटीचा कागद मी आधीच वाचला होता. पाण्याचे डाग, ओरखडे, पक्ष्यांची विष्ठा यातलं काहीच त्यात बसत नाही. मग जाऊन काय करायचं? घरीच आयर्न रिमूव्हर मारला, नीट धुतलं आणि मणी परत आले. कोटिंग संपलं नव्हतं, वर घाण बसली होती.

गाडीला स्वतः हात लागतो याचा एक फायदा कोटिंगशी संबंधित नाही, पण मला तो जास्त मोलाचा वाटतो. टायरमध्ये रुतलेला खिळा हवा जायच्या आधी दिसला. वायपरखालच्या जाळीत शिरीषाचा पाला साठला होता. तो तसाच राहिला असता तर पाणी तुंबून ब्लोअरमध्ये गेलं असतं. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची छिद्रं असतात, ती चिखलाने बुजतात, टूथपिकने मोकळी करायची. बॉनेट उघडल्यावर उंदराच्या लेंड्या दिसल्या, त्या दिवसापासून पार्किंगची जागा बदलली.

पुन्हा करीन का? गडद रंगाच्या नव्या गाडीला, हो; पण पॉलिश एकदाच आणि वॉरंटीच्या नावाने एक रुपयाही जास्त न देता. बाबांच्या पांढऱ्या वॅगनआरला मी हे कधी सुचवलं नाही. तिला दर दोन-तीन महिन्यांनी ओल्या पत्र्यावर स्प्रे सीलंट (फवारायचं संरक्षक द्रव्य) मारतो, तेवढं तिला पुरतं.