कुत्र्याला विंचरताना शॉक बसतो? फवारा, फणी की ह्युमिडिफायर

डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नागपूरकडे पॉमेरेनियन, ल्हासा किंवा गोल्डन रिट्रीव्हर पाळणाऱ्या घरांतली नेहमीची तक्रार: ब्रश फिरवला की तडतड, केस ब्रशला चिकटून उभे, आणि चुकून नाकाला बोट लागलं की चट्कन ठिणगी. माणूस बोट झटकून मोकळा होतो. कुत्र्याचं नाक ओलं, त्यामुळे ठिणगी नेमकी तिथेच उडते आणि मग ब्रश दिसला की स्वारी पलंगाखाली. यावर काय घ्यावं हा प्रश्न असेल, तर माझा क्रम असा: आधी फवारा, मग स्टीलची फणी, ह्युमिडिफायर, म्हणजे खोलीतली हवा ओलसर करणारं यंत्र, सगळ्यात शेवटी, तोही खोलीतली आर्द्रता मोजून.

फवाऱ्याला पहिला मान देण्याचं कारण सरळ आहे. कोरडा केस घासल्याने तयार झालेली वीज (स्टॅटिक) धरून ठेवतो, किंचित ओलसर केस ती वाहून जाऊ देतो. साध्या पाण्याची बारीक तुषार बाटली यासाठी पुरते, फक्त परिणाम पाणी वाळेपर्यंतच टिकतो. कुत्र्यांसाठीचा लीव्ह-इन (न धुता केसांत तसाच ठेवायचा) कंडिशनर स्प्रे महाग, पण जास्त वेळ टिकतो आणि केस कमी तुटतात. आखूड केसांच्या लॅब्राडॉरसाठी त्यावर पैसे घालू नयेत, पाणी बास. लांब केसांच्या, रोज विंचरावं लागणाऱ्या कुत्र्यासाठी मात्र तो वसूल होतो. फवारा थेट अंगावर मारण्यापेक्षा तळहातावर घेऊन केसांवरून फिरवला तर भित्रं कुत्रंही उठून जात नाही. एक सांभाळायचं: कानामागे, काखेत गुंता असेल तर तिथे पाणी नको, ओला झाला की तो आणखी आवळतो. आधी बोटांनी सोडवावा.

घरचे प्रयोग इथेच सुरू होतात. खोबरेल तेलाचा थेंबभर हात फिरवला तर तडतड थांबते खरी, पण केस तेलकट होऊन धूळ धरतात आणि कुत्रं बसून तेच चाटतं. कपड्यांचं फॅब्रिक सॉफ्टनर पाण्यात मिसळून मारायचा सल्लाही मिळतो, आणि अमेरिका-कॅनडातले आपले लोक ड्रायरमध्ये टाकायची शीट कुत्र्याच्या अंगावरून फिरवतात. दोन्ही नकोत. त्यातली रसायनं चाटण्यातून पोटात गेली तर तोंड आणि अन्ननलिका होरपळू शकते. टी ट्री तेल असलेले स्प्रेही कुत्र्यांना विषारी ठरतात, तेव्हा बाटलीवरचं वाचून घ्या.

फणी-ब्रशच्या बाबतीत दुकानदार 'मेटल पिनचा आहे, स्टॅटिक होणार नाही' म्हणून जो ब्रश देतो तो उलटा करून पाहा. पिना धातूच्या असतात, पण त्या रबराच्या गादीत रोवलेल्या आणि मूठ प्लॅस्टिकची. साठलेल्या विजेला हातापर्यंत यायला वाटच नाही. त्यापेक्षा मूठही धातूचीच असलेली अखंड स्टीलची फणी उघड्या हातात धरली, की वीज साठण्याआधीच हातातून अंगात आणि पायांतून जमिनीत हळूहळू निघून जाते, ठिणगी पडण्याइतका विजेचा दाब तयार होत नाही. अर्थात पायात रबरी स्लिपर असेल तर फणीचा अर्धा फायदा गेला. अनवाणी, फरशीवर बसून विंचरा. अंडरकोट (वरच्या केसांखालची मऊ लव) काढायला स्लिकर, म्हणजे बारीक वाकड्या तारांचा ब्रश, लागतोच, तो सोडू नका, पण आधी फवारा आणि शेवटचा हात फणीचा.

एक गोष्ट विकत न घेता होते, आणि बऱ्याच घरांत तेवढ्यानेच भागतं. प्राण्यांचे केस घासले की धन भाराकडे झुकतात, पॉलिएस्टर ऋण भाराकडे. त्यामुळे मऊ फ्लीसच्या ब्लँकेटवर लोळून उठलेलं कुत्रं आधीच भारलेलं असतं. ॲक्रिलिकचा स्वेटर डोक्यावरून ओढून काढताना तेच होतं. अंथरायला जुन्या सुती लुगड्याची गोधडी द्या आणि विंचरायच्या आधी स्वेटर काढून थोडा वेळ जाऊ द्या. पहिला हात पाठीवर, सपाट तळव्याने. नाकाला, कानाला बोटाच्या टोकाने नको.

आता ह्युमिडिफायर. हवेतली आर्द्रता साधारण ४० टक्क्यांखाली गेली की ठिणग्या वाढतात, हे खरं. म्हणून आधी काहीशे रुपयांचा आर्द्रतामापक आणून दुपारी आकडा पाहा. मुंबई, कोकण, गोव्यात तो बहुधा वरच राहील. तिथे शॉक बसत असेल तर संशय एसीवर घ्या, तो हवेतलं पाणी काढून टाकतो. नागपूर, नाशिक, पुण्याकडे थंडीत आणि पुढे मार्चच्या दुपारीही आकडा बराच खाली दिसतो. उन्हाळ्यात विदर्भातला कूलर हे काम आपसूक करतो. थंडीत खोलीत ओले कपडे वाळत घातले तरी फरक पडतो. यंत्र घ्यायचंच तर बोअरच्या जड पाण्यावर अल्ट्रासॉनिक (कंपनांनी पाण्याचे तुषार करणारा) प्रकार चालवू नका, फर्निचरवर पांढरी भुकटी बसते. टाकी वेळच्या वेळी धुवावी लागते, आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर नेली तर भिंतीला बुरशी. घरात सर्दी-कोरड्या त्वचेचाही त्रास असेल तर घ्या, नुसत्या कुत्र्यासाठी मला तो खर्च पटत नाही.

ही ठिणगी जाणवते तेव्हा दाब ३,००० व्होल्टच्या आसपास असतो, पण वीज इतकी थोडी की इजा होत नाही. मात्र ती एकदाच चट्कन बसते. आंघोळीनंतर ब्लोअर लावलेला असताना किंवा धातूच्या ग्रूमिंग टेबलाला हात लावल्यावर सलग झिणझिण्या येत असतील, तर तो स्टॅटिक नाही, यंत्रातून करंट उतरतोय. कुत्र्याला खाली घ्यायच्याही आधी मेन स्विच बंद करा, आणि अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियनला बोलवा.