सिंकखालचा गीझर आणि आईच्या हातातल्या मुंग्या

आईला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यामुळे नव्या घरात आल्यावर आठवड्याभरात ती म्हणाली, "भांडी घासताना हाताला मुंग्या येतात रे," तेव्हा आम्ही आधी शुगर तपासली. डॉक्टरांनी बी-१२ च्या गोळ्या दिल्या. मुंग्या थांबेनात. एका रविवारी गीझर चालू असताना मीच ओल्या हाताने सिंकचा नळ बंद करायला गेलो आणि हात झटकून मागे सरलो. आईच्या पायात सवयीने रबरी स्लिपर असायची, म्हणून इतके दिवस मुंग्यांवर निभावलं होतं.

घर ठाण्यात, नौपाड्यात, चिखलवाडीच्या अंगाला, तळमजल्यावर. आईच्या गुडघ्यांमुळे जिना नकोच होता. वाडीच्या नावातच चिखल आहे, पण घर शोधणाऱ्याला तेव्हा फक्त चौरस फूट वाचता येतात. आम्ही मे महिन्यात घर बघितलं. भिंतींना ताजा रंग, ओट्याखाली नव्या ट्रॉल्या. पाणी भरतं का, हे मी विचारलं होतं. "रस्त्यावर येतं हो, घरात नाही," असं मालक म्हणाले. एजंटने पुस्ती जोडली, "सव्वीस जुलै सोडला तर कधीच नाही." हे वाक्य आपल्याकडे फार सोयीचं आहे. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या दिवसाचं पाणी कोणी कोणाच्या घराचा दोष धरत नाही. मीही धरला नाही.

घराच्या किमतीखेरीज वस्तूंचे ८५ हजार वेगळे ठरले: सिंकखालचा सहा लिटरचा गीझर, खालच्या युनिटमध्ये बसवलेला ओव्हन, हीटरवालं फ्रंट लोड वॉशिंग मशीन आणि बाथरूममधला मोठा गीझर. पावतीवर एक ओळ होती, 'जसे आहे तसे, पाहून व तपासून घेतले'. मी खरंच तपासलं होतं. गीझर लावला, पाच मिनिटांत पाणी कढत. ओव्हनची कांडी लाल झाली. मशीन गरगर फिरलं. मी स्वतःवर खूश होऊन सही केली.

त्या रविवारी आलेल्या वायरमनने गीझरकडे बघितलंसुद्धा नाही. तो आधी दरवाजामागच्या डीबीपाशी, म्हणजे घरभरचे मेन स्विच असलेल्या पेटीपाशी गेला, झाकण उघडलं आणि म्हणाला, "ईएलसीबी कुठाय?" मी त्याला एक जाडसर स्विच दाखवला. तो हसला. तो नुसता आयसोलेटर होता, म्हणजे वरखाली करायचा साधा मेन स्विच. घरातल्या ईएलसीबीचं काम असं की ३० मिलिॲम्पिअरच्या आसपास करंट भलतीकडे गळायला लागला की त्याने पटकन पडायचं. या घरात गीझर लावला की तो पडत असणार. रात्री भुंकून झोपमोड करतो म्हणून कुत्र्यालाच घालवून द्यावं, तसा तो काढून टाकला होता. फसवणूक म्हणतो ती मी हिला. पाणी शिरलेला गीझर विकला, हे एक वेळ लालूच म्हणून सोडून देता येईल. पण ईएलसीबी काढताना कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन, विचार करून ते काम केलंय.

मग मेन बंद करून त्याने गीझरचं खालचं झाकण उघडलं. बॉडी पिवळट पडलेली, पण झाकणाचे दोन्ही स्क्रू चकचकीत आणि इंडिकेटरचा दिवा कोरा. आत थर्मोस्टॅटच्या कडेने सुकलेल्या गाळाची रेघ, टर्मिनलवर हिरवा थर, अर्थिंगची तार बोट लावताच तुटली. नाल्याचं पाणी भरतीच्या वेळी खाडीत उतरत नाही, उलट खाडीचंच पाणी नाल्यात शिरतं. ते खारं पाणी आत शिरलं की वरवर सुकल्यावरही मीठ तिथेच राहतं आणि दमट हवेतली ओल ओढत बसतं.

"पण पाणी गरम होतंय ना?" मी विचारलं. त्याने समजावलं ते असं. हीटरच्या नळीत मधोमध कॉइल असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. टोकाचं सील गेलं की ती पूड ओल पिते. कॉइल शाबूत, त्यामुळे पाणी तापतं. पण करंट पुडीतून नळीच्या पत्र्याला, तिथून पाण्यात आणि नळापर्यंत येतो. साध्या मल्टिमीटरने कॉइल मोजली तर दोन किलोवॉटच्या हीटरला २६ ओहमच्या आसपास, म्हणजे अगदी बरोबर आकडा दिसतो. गळती कळायला मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर लावावा लागतो. त्याने लावला आणि मान हलवली.

ओव्हनचं गूढही मग उकललं. पहिल्यांदा केक केला तेव्हा घरभर पहिल्या पावसाचा वास आला होता आणि आम्ही कौतुकाने खिडकीबाहेर बघितलं होतं. तो वास ओव्हनच्या आतल्या, उष्णता अडवणाऱ्या लोकरीत बसलेल्या गाळाचा होता. मशीनचा हीटर ड्रमच्या खाली, तळाशी असतो. मी थंड पाण्याचा प्रोग्रॅम लावून बघितलं होतं. गरम पाण्याचा लावला की मशीन पाचव्या मिनिटाला बंद. बाथरूमचा गीझर मात्र सहा फुटांवर आहे, तो आजही व्यवस्थित चालतो. खोटं कशाला बोलू?

शेजारच्या आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सव्वीस जुलैला कमरेएवढं. आणि गेल्या पावसाळ्यात गुडघ्याच्या खाली, दोन दिवस. त्यांनी सांगितलं नाही का?" त्यांचा फ्रिज विटांवर चढवलेला आहे. इमारतीची मीटरपेटी माझ्या खांद्याच्या उंचीवर आहे, पाण्याचा पंपही चौथऱ्यावर. हे सगळं मे महिन्यात काढलेल्या माझ्याच फोटोंत दिसतं.

तळमजल्यावर घर घेणाऱ्यांनो, आपला वायरमन सोबत न्या. डीबीवर 'टी' लिहिलेलं बटण आहे का बघा आणि ते दाबून सगळं बंद पडतंय का बघा. बटणच नसेल तर का नाही, हे विचारा. मेन बंद करून गीझरचं खालचं झाकण उघडायला लावा. मालक नको म्हणाला तर वस्तूंचे पैसे देऊ नका. सगळ्यात खालची ट्रॉली पूर्ण बाहेर काढून मागच्या प्लायला हात लावा. माझ्याकडे तो वीतभर उंचीपर्यंत फुगलेला निघाला. कुठे गॅस गीझर खाली बसवलेला असेल तर पाण्यात बुडालेला गॅसचा व्हॉल्व्ह साफ करून वापरायचा नसतो, बदलायचाच.

वकिलांनी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं ५५ वं कलम दाखवलं. खरेदीदाराला साध्या पाहणीत न दिसणारा, पण आपल्याला ठाऊक असलेला घरातला मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा, असं त्यात आहे. वस्तूंचं काय, म्हटल्यावर त्यांनी माझीच सही असलेली पावती पुढे सरकवली. नोटीस पाठवली. उत्तर आलं, 'आमच्याकडे असताना सर्व वस्तू चालू स्थितीत होत्या'. ते अक्षरशः खरंही आहे.

शेवटी तिन्ही वस्तू भंगारात काढल्या. भंगारवाल्याने काट्यावर ठेवण्याआधी गीझर उलटा केला आणि तळावर दोन थापा मारल्या. फरशीवर वाटीभर गाळ पडला.

"साहेब, याचं वजन नाय धरणार," तो म्हणाला.