ताई ची, योग की नुसतं चालणं? गोव्यात राहून निवडताना

साठी ओलांडलेल्या आईबाबांसाठी, नाहीतर स्वतःसाठी, काहीतरी सुरू करायचंय आणि कुणीतरी ताई चीचं, म्हणजे संथ हालचालींच्या चिनी व्यायामाचं, नाव काढलंय. क्लास शोधण्याआधी एवढं ठरवा: कमी काय पडतंय? दम, अंगाचा मोकळेपणा की तोल?

दम कमी पडत असेल तर फार विचार नको. सकाळी मिरामारला भरभर चाला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम सांगते, आणि तो हिशेब चालण्यानं सगळ्यात स्वस्तात पुरा होतो. ताई चीत मांड्या भरून येतात, पण छाती फारशी धपापत नाही.

मात्र पासष्टीनंतर तीच संघटना आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायामही करायला सांगते. सपाट रस्त्यावर चालून हे होत नाही. इथे ताई ची खरी कामाला येते. तिची एक पावली बघा. उजव्या गुडघ्यात किंचित वाकून सगळं वजन उजव्या पायावर घ्यायचं. डावा पाय आता इतका मोकळा, की त्याच्याखालची फरशी कुणी काढून घेतली तरी तुम्ही पडणार नाही. त्याची टाच अलगद पुढे टेकवायची, वजन न टाकता. मग तळवा, आणि मगच वजन हळूहळू पुढे. गुडघा पावलाच्याच दिशेनं, बोटांच्या पुढे न जाऊ देता. जुलैत अंगणातल्या शेवाळलेल्या चिऱ्यांवरून उतरताना आपण नेमकं उलटं करतो: पाय आणि वजन एकदमच टाकतो. तो पाय सरकला की सावरायला काही उरत नाही.

याला आधारही आहे. २०१२ साली पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) १९५ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २४ आठवडे एका गटानं ताई ची केली, दुसऱ्यानं वजनं वापरून ताकदीचे व्यायाम, तिसऱ्यानं स्ट्रेचिंग. स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा ताई चीवाले खूपच कमी वेळा पडले. ताकदीच्या व्यायामापेक्षा मात्र पडण्याच्या बाबतीत ती ठामपणे सरस ठरली नाही. गुडघेदुखीचंही तसंच. २०१६च्या, २०४ जणांवरच्या अभ्यासात १२ आठवड्यांची ताई ची फिजिओथेरपीच्या तोडीस तोड निघाली. तेव्हा चमत्काराची भाषा कुणी केली तर सोडून द्या.

आता योग. कंबर-पाठ आखडलेली असेल तर मी योगच सुचवीन. जमिनीवर बसणं आणि हात न टेकता उठणं हीसुद्धा म्हातारपणी जपावी अशी ताकद आहे, आणि ती ताई चीत फारशी लागत नाही. वृक्षासनानं तोल सुधारतो, पण तो एका जागी उभं राहण्याचा. ताई चीतला तोल हलता असतो. उलट ज्यांना मांडी घालताच येत नाही त्यांना ताई ची सोयीची, कारण सगळं उभ्यानं. चटईसुद्धा नको, पातळ आणि सपाट तळव्याचे बूट पुरेत.

पण गोव्यात खरा प्रश्न शिक्षकाचा आहे. योगवर्ग गावातसुद्धा सापडतो, तोही मराठी-कोंकणीत बोलणारा. ताई ची मुख्यतः हरमल, मांद्रे, हणजूण या किनाऱ्यावर, पर्यटनाच्या हंगामात, बहुधा इंग्रजीतून. आणि फोंड्याहून म्हातारं माणूस रोज हरमलला जाणार थोडंच! पाऊस लागला की यातले पुष्कळसे वर्ग बंद. व्हिडिओवर हात दिसतात, वजन कुठल्या पायावर आहे ते दिसत नाही, म्हणून निव्वळ त्यावर विसंबून सुरुवात करू नये. वर्षभर येणारा शिक्षक मिळत नसेल तर सरळ योग घ्या. आणि वाळूत शिकवणाऱ्याकडे नवशिक्यानं जाऊ नये. फोटो छान येतात, पण वाळू पायाखालून सरकते आणि गुडघा पिळवटतो.

शिक्षक मिळालाच तर प्रकारही विचारून घ्या. चेन हा हनान प्रांतातल्या चेन गावातून आलेला जुना प्रकार. खोल बैठका, अचानक झटके, पाय आपटणं. शेवटी ही लढण्याचीच विद्या. दुखऱ्या गुडघ्यांनी तिकडे वळू नये. सुन लुथांग (१८६०–१९३३) यांचा सुन प्रकार उंच उभं राहून करतात, तो जास्त सोसवतो. बहुतेक ठिकाणी यांग या आणखी एका प्रकारावर बेतलेला २४ हालचालींचा संच शिकवतात. चीनच्या क्रीडा आयोगानं तो १९५६ साली बसवला. पाच-सहा मिनिटांत संपतो, पाठ व्हायला मात्र महिने जातात. काहींना हे पाठांतर आवडतं, काही तिथेच गळतात. गळणाऱ्यांसाठी पातुआनचिन बरं: छिकुंग या श्वासावर भर देणाऱ्या चिनी व्यायामातल्या आठच हालचाली, पावलं फारशी नाहीत, बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीतही मावतात. पण पावलं नाहीत म्हणजे तोलाचा तो फायदाही कमीच.

चक्कर येत असेल, गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि खुर्चीत बसून करायच्या प्रकारापासून सुरुवात करा. फी भरण्यापूर्वी एक तास नुसतं बसून बघा. शिक्षक लोकांचे गुडघे आणि पावलं दुरुस्त करत असेल तर नाव घाला. सगळा वेळ समोर उभा राहून स्वतःच करून दाखवत असेल तर दुसरा शोधा.